एकोणपन्नासचं माहेर

आमच्या केंद्रात दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींना उत्तर हवं असतं आणि बाकीच्यांना ते कालच हवं असतं. ईश्वरी थोरवे या दोन्हींत बसत नव्हती, हे माझ्या लक्षात यायला नऊ आठवडे लागले. पंधरा वर्षं संख्यांचे अवयव पाडणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. पण माणसांच्या बाबतीत माझं गणित कच्चं आहे आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

केंद्र साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तळमजल्यावर यंत्र, वरच्या मजल्यावर मी, मोरेश्वर सबनीस, आणि चहाची किटली. यंत्राचं सरकारी नाव दीड ओळीचं आहे, म्हणून आम्ही त्याला खलबत्ता म्हणतो. संख्या आत टाकायची, कुटायची आणि तिचे मूळ अवयव बाहेर काढायचे, एवढंच त्याचं काम.

बाराचे अवयव पाडायला कुणाला यंत्र लागत नाही. दोन, दोन आणि तीन, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तीनशे अंकी संख्या समोर आली की जुन्या जगातल्या झाडून सगळ्या संगणकांच्या नाकी नऊ यायचे, कारण ते भाजक शोधत बसायचे. खलबत्ता वेगळ्या वाटेने जातो. एखाद्या लहान संख्येचे घात वाढवत जा, दर वेळी त्या मोठ्या संख्येने भागा आणि फक्त बाकी लिहून ठेवा. काही अंतराने त्याच बाक्या त्याच क्रमाने पुन्हा यायला लागतात. ते अंतर हाती लागलं की अवयव सापडल्यात जमा. आपण एकेक बाकी लिहीत बसलो तर जन्म पुरणार नाही. खलबत्त्यात उणे दोनशे बहात्तर अंशांवर गोठवलेल्या कणांमध्ये सगळ्या बाक्या एकाच वेळी लाटांसारख्या उठतात, एकमेकींना खोडतात, आणि शेवटी जे खोडलं जात नाही ते म्हणजे ते अंतर.

हे यंत्र आलं आणि जगातली जुनी सांकेतिक कुलपं वर्षभरात निकामी झाली, कारण ती सगळी ‘अवयव कुणाला सापडणार नाहीत’ या एकाच भरवशावर उभी होती. मग नवी कुलपं आली. त्यांच्याशी माझा संबंध नाही. माझा संबंध येतो तो माहेर-कुलपाशी.

हा शब्द मी काढलेला नाही, कायदा लिहिणाऱ्या कुणाला तरी सुचला. दहा ही संख्या घ्या. तिचे मूळ अवयव दोन आणि पाच. ते शेजारी शेजारी मांडले की झाली २५. तिचे अवयव पाच आणि पाच, म्हणून पुढची ५५. मग पाच आणि अकरा, म्हणजे ५११. मग सात आणि त्र्याहत्तर, म्हणजे ७७३. ही ७७३ काही केल्या फुटत नाही, ती स्वतःच मूळ संख्या आहे. दहाची क्रमिका तिथं थांबली, म्हणून ७७३ हे दहाचं माहेर. अशी क्रमिका कुठल्याही संख्येपासून काढता येते. काही चार पायऱ्यांत पोचतात, काही चाळिसांत. आणि या वाटेला आडवाट नाही. एक पायरी चढल्याशिवाय पुढची कोणती तेच कळत नाही, त्यामुळे दहा खलबत्ते जुंपले तरी काम लवकर होत नाही.

कायद्याला नेमका हा उशीरच हवा होता. माणूस बेशुद्ध झाला, श्वास यंत्रावर गेला, तर पुढं काय करावं हे हल्ली लोक आधीच लिहून ठेवतात. पण ते इच्छापत्र तासाभरात उघडता आलं तर नातेवाईक डॉक्टरांच्याही आधी ते उघडतात, असा अनुभव होता. म्हणून इच्छापत्र मोहोरबंद करायची सोय आली. सुरुवातीची संख्या सगळ्यांना दिसते आणि तिचं माहेर ही किल्ली. लोक दहा-बारा अंकी संख्या देतात, आम्ही दोनतीन आठवड्यांत ती पोचवतो, तोवर नातेवाइकांची डोकी जरा थंड होतात. किल्ली एकदाच लावता येते. चुकली तर इच्छापत्र पुसलं जातं आणि निर्णय सगळ्यांत जवळच्या माणसाकडे जातो. तोपर्यंत मात्र श्वासाचं यंत्र बंद करायचा अधिकार कुणालाच नाही.

ईश्वरी आली ती दुपारी तीनच्या सुमाराला, कामाच्या कपड्यांतच. एसटीच्या आगारात ती बसच्या बॅटऱ्या दुरुस्त करते. वय चाळिशीच्या आत-बाहेर. तिने रुग्णालयाचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. हणमंत थोरवे, वय सत्त्याहत्तर, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, मेंदूत रक्तस्राव, श्वास यंत्रावर.

“वडील?”

“हो. गणित शिकवायचे. बत्तीस वर्षं.”

“संख्या काय दिलीय?”

“एकोणपन्नास.”

“पुढचे आकडे सांगा.”

“एवढीच आहे सर. चार आणि नऊ.”

मी हसलो. तिच्या चेहऱ्याकडे बघून लगेच थांबलो, पण हसलो ते हसलोच.

“ताई, तुमच्या वडिलांनी तुमची थट्टा केलीय.”

“बाबा थट्टा नाही करत,” ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं ते असं. शंभराच्या आतल्या सगळ्या संख्या माहेरी पोचल्या आहेत. पोचली नाही ती एकोणपन्नास, आणि तिची ती जुळी बहीण सत्त्याहत्तर, कारण एकोणपन्नासची पहिली पायरीच ७७ आहे. तिथून ७११, मग ३३७९, मग ३११०९, आणि पुढं ती जी सुटली ती सुटलीच. शंभरावर पायऱ्या झाल्या, संख्या शेकडो अंकी झाली, तरी मूळ संख्या काही येत नाही. कुठंतरी ती थांबेल असं सगळ्यांना वाटतं. सिद्ध कुणीच केलेलं नाही.

“म्हणजे किती दिवस लागतील?” तिने विचारलं.

“एक महिना, नाहीतर शंभर वर्षं. मी ज्योतिषी नाही.”

“चालेल,” ती म्हणाली आणि अर्जावर सही केली. माझ्या कारकिर्दीत ‘चालेल’ हा शब्द मी या टेबलावर पहिल्यांदाच ऐकला. तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता.

जुन्या कोष्टकातल्या पायऱ्या तपासून घेतल्या आणि जिथं जग थांबलं होतं तिथून खलबत्त्याने कुटायला सुरुवात केली. एकेका पायरीला दोन-दोन, तीन-तीन दिवस जात होते. ईश्वरी सकाळी रुग्णालयात जायची, मग आगारात, आणि पाळी संपली की केंद्रात. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायची. मी चहा द्यायचो, ती वडिलांबद्दल काहीबाही सांगायची. ते फुलपाखरालासुद्धा, चार पंख म्हणून, ‘चार अवयवांचं’ म्हणायचे. भाजीवाल्याने पिशवीत एकोणीस वांगी घातली तर खूश होऊन, याला आता समान वाट्यांत वाटून दाखव म्हणायचे. आई लवकर गेली. तेव्हापासून घरात ही दोघंच, आणि आकडे.

“आज कसे आहेत?” मी विचारायचो. विचारायचं म्हणून विचारायचो, हे खरं आहे.

“हात गरम लागला,” ती सांगायची. किंवा, “आज दाढी केली मी त्यांची.”

डॉक्टर वेगळं सांगत होते. मेंदूतलं जे गेलं होतं ते परत येणार नव्हतं. गुरुजी तसेच पडून होते, यंत्र छाती वर-खाली करत होतं.

पायरी पूर्ण झाली की पडद्यावर अवयव उमटतात. एकाहून जास्त असले तर संख्या फुटली, म्हणजे चाल पुढं. इथं बसणारी माणसं त्या क्षणी कपाळाला हात लावतात. ईश्वरी मात्र संख्या फुटली की खांदे सैल सोडायची. एकदा तर तिने “बरं झालं” असं पुटपुटलेलं मी ऐकलं आणि मला वाटलं, थकली असेल.

नवव्या आठवड्यात रुग्णालयाचं पत्र आलं. रुग्णाच्या फुप्फुसात दुसऱ्यांदा जंतुसंसर्ग झाला आहे, गळ्यातून नळी घालण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागेल, त्यानंतर अशा आणखीही कराव्या लागतील. तरी इच्छापत्र कधी उघडेल याचा केंद्राने लेखी अंदाज कळवावा.

मी उत्तर लिहायला घेतलं. ‘सदर संख्येचे माहेर अद्याप कुणालाही ज्ञात नसल्यामुळे’ इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं.

कुणालाही ज्ञात नाही. मग गुरुजींनी कुलूप लावलं कसं?

आम्ही फक्त उघडणारे. मोहोर लावायचं काम निबंधकाकडे, त्यामुळे त्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. मी निबंधकाच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी नियम वाचून दाखवला. अर्जदार स्वतःची संख्या देतो आणि स्वतःची किल्लीही देतो, ती कुठून काढून आणली ते आम्ही विचारत नाही. किल्ली बंद होते. ती त्या संख्येचं खरं माहेर आहे की नाही हे आम्ही तपासत नाही, कारण तपासायचं म्हणजे ती बघणं आलं.

म्हणजे गुरुजींकडे एकोणपन्नासचं एक माहेर होतं. जगात कुणाकडे नव्हतं ते साताऱ्याच्या एका शिक्षकाकडे होतं. तेव्हा एक तर ते जगातले सर्वांत मोठे गणिती होते, नाहीतर त्यांचं उत्तर चूक होतं. पहिली शक्यता मी सोडून दिली.

दुपारी ईश्वरी आली. मी चहा ओतला नाही.

“ताई, बाबांनी एकोणपन्नासचं माहेर कधी काढलं होतं का? घरी? हाताने?”

तिने मान पडद्याकडे वळवली. ताकास तूर लागू द्यायची नाही असं तिने ठरवलंय, असं मला वाटलं. मग ती बोलली.

“मी काढलं होतं. दुसरीत असताना.”

तिने सांगितलेली हकिगत साधी होती. सुट्टीचा दिवस. गुरुजी भागाकार करत होते आणि ती पाटीवर लिहीत होती. एकोणपन्नास म्हणजे सात सात. सत्त्याहत्तर म्हणजे सात अकरा. सातशे अकरा आली. गुरुजी पाठमोरे, कपडे वाळत घालताना तोंडी हिशोब करत म्हणाले, “लिही. तीन, तीन, एकोणऐंशी.”

“त्या वर्षी पुस्तकात आकड्यांची नावं बदलली होती सर. आम्हाला शाळेत सत्तर नऊ शिकवायचे. बाबांना ते अजिबात पटलं नव्हतं, ते घरात जुनंच बोलायचे. मी एकोणऐंशी ऐकलं. त्यात ऐंशी होतं, आणि एकोण म्हणजे काहीतरी नऊ असतं एवढं ठाऊक होतं.”

“म्हणजे ऐंशी नऊ.”

“हो. मी लिहिलं, ३३८९.”

मी कागद ओढला. यंत्राला विचारायची मला लाज वाटली. सात, अकरा, तेरा, सतरा, असं करत त्रेपन्नपर्यंत गेलो, कारण त्याच्या पुढं बघायची गरज नाही. एकानेही भाग गेला नाही. ३३८९ मूळ संख्या आहे.

मी त्याच कागदावर तिच्याशेजारी खरी संख्याही लिहिली. खरी पायरी ३३७९. तिला एकतीसने भाग जातो, ती फुटते, आणि एकोणपन्नास अजून चालतेच आहे. आणि दुसरीतल्या मुलीने एक आकडा चुकवला तर तीच एकोणपन्नास तिसऱ्या पायरीला घरी.

“बाबांनी पाटी घेतली, स्वतः भाग लावून बघितले,” ईश्वरी सांगत होती. “मी लिहिलेलं त्यांनी तपासलंच नाही, पुढंच निघाले. मग ओरडले, पोचली! मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरले. शेजारच्या काकूंना बोलवून सांगितलं, आमच्या ईश्वरीने एकोणपन्नास माहेरी पोचवली.”

“मग चूक कळली कधी?”

“मला दहावीत. मी परत करून बघितलं तेव्हा. बाबांना विचारलं तर म्हणाले, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, तुझी पोचली होती ना? मग झालं.”

खाली खलबत्त्याचा पंप चालू होता. मला आता राग येत होता. राग आला की मी तो लपवत नाही.

“म्हणजे किल्ली तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. अर्जावर सही केली तेव्हासुद्धा. मग नऊ आठवडे इथं येऊन काय करत होता तुम्ही?”

“खरी एकोणपन्नास पोचत नाही तोवर यंत्र बंद करता येत नाही ना,” ती म्हणाली. “तोवर ते आहेत.”

सांत्वन हा माझा विषय नाही, आणि येत नाही ते करू नये.

थोड्या वेळाने मी रुग्णालयाचं पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने ते वाचलं, नळीबद्दलची ओळ दोनदा वाचली.

“मी ‘अंदाज देता येत नाही’ असं लिहू शकतो,” मी म्हणालो. “त्यात खोटं काही नाही. खलबत्ता चालू राहील. शस्त्रक्रिया होईल. पुढची होईल. मला कुणी विचारणार नाही.”

“आणि ती किल्ली चुकीची निघाली तर?”

“इच्छापत्र पुसलं जाईल. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं.”

“म्हणजे तेव्हा मी चालू ठेवा म्हणू शकेन.”

“म्हणू शकाल.”

तिने पत्राची घडी घातली. मी मनातल्या मनात ती किल्ली चुकीची निघावी असं म्हणत होतो, हे इथं नोंदवून ठेवतो. एरवी मी संख्यांकडून कधी काही मागत नाही.

“नाही निघणार चुकीची,” ती म्हणाली. “बाबांना दोन्ही माहीत होत्या सर. खरी, जी चालतच राहते, आणि माझी, जी थांबते. किल्ली म्हणून त्यांनी माझी ठेवली. आत काय लिहिलंय ते मला न उघडताच कळलं होतं. म्हणूनच तर उघडत नव्हते.”

त्या दिवशी ती काही न करता गेली. पुढचे तीन दिवस आली नाही. खलबत्त्याने मधल्या वेळात एक पायरी पुरी केली, संख्या पुन्हा फुटली, आणि खांदे सैल सोडायला कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी ती आली ती सकाळी, रजा टाकून. आधी रुग्णालयात जाऊन आली होती. रात्रीपासून ताप होता, म्हणाली, आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. तिने खुर्ची कळफलकाकडे ओढली.

“मी घालू का, सर?”

“तुमचाच अधिकार आहे.”

तिने एकेका बोटाने आकडे दाबले. तीन. तीन. आठ. नऊ. मी उभा राहिलो होतो, का ते मला ठाऊक नाही. पडदा क्षणभर कोरा राहिला आणि मग इच्छापत्र उघडलं. अर्ध्या पानाचंही नव्हतं. गुरुजींनी ते हाताने लिहिलं होतं. अक्षर फळ्यावरचं, गोल आणि सुटं.

‘चि. ईश्वरी, अनेक आशीर्वाद. मला यंत्रावर ठेवू नये. आठ दिवस वाट पाहावी, मग बंद करावं. हे मी शुद्धीवर असताना, नीट विचार करून लिहीत आहे. डॉक्टरांनी हे माझं म्हणणं समजावं, मुलीचं नव्हे. तिला कुणी प्रश्न विचारू नयेत.

तुला किल्ली लगेच आठवेल. तरी तू उशीर करशील. आठाचे साठ दिवस होतील असा माझा अंदाज आहे. तो उशीर मी धरूनच चाललो आहे, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा. तुझे बाबा.’

इच्छापत्रं मी शेकड्यांनी उघडली आहेत आणि एकही वाचत नाही, तसा नियमच आहे. हे वाचलं. तिनेच पडदा माझ्याकडे वळवला.

“किती झाले?” तिने विचारलं.

मी अर्जावरची तारीख बघितली. “सदुसष्ट.”

“सात दिवस चुकले बाबा,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. मी पाण्याचा पेला भरून तिच्यासमोर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

ती उठली, तोंड धुऊन आली. मी दाखल्यावर शिक्का मारत होतो, तेव्हा माझ्यामागून तिचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

“बंद करा.”

मी कळ दाबली. तळमजल्यावरचा पंप हळूहळू मंदावला आणि थांबला. एकोणपन्नासची एकशे सत्तेचाळिसावी पायरी अर्ध्यावर राहिली. मागं वळून बघितलं तर ईश्वरीच्या कानाला फोन होता.

“हो डॉक्टर, उघडलं. त्यांचंच म्हणणं आहे,” ती सांगत होती. “पण मी पोचल्यावर. मी हात धरला की मग.”

ती माझ्याशी बोलत नव्हती. पायरी पुन्हा सुरू करता आली असती, जग त्या संख्येची वाट बघतंय हेही मला माहीत होतं. मी कळ पुन्हा दाबली नाही.

तिने दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि दारापाशी थांबली.

“येते, सर,” ती म्हणाली, सवयीने.

“या,” मी म्हणालो.